मागच्या सतरंजीवरून

दुसरं गीत सुरू झालं की मी मोजायला लागायचो. पहिल्या गीताला मोजण्यात अर्थ नसतो. तेव्हा निम्मी मंडळी चपला काढत असते, कुणी लेकराचं नाक पुसत असतं, कुणी मोटरसायकल सावलीत लावायला परत बाहेर गेलेलं असतं. तिसऱ्या गीताला अर्पणाची थैली फिरते, माणसं खिसे चाचपतात, बाया रुमालाची गाठ सोडतात, आणि त्या हालचालीत डोकी चुकतात. म्हणून दुसरं गीत. आधी पुढच्या खुर्च्या, मग डाव्या हाताच्या बाया, मग मागची सतरंजी, आणि शेवटी बाहेर निंबाखाली उभे असलेले ते दोघं-तिघं, जे आतही येत नाहीत आणि निघूनही जात नाहीत. आकडा तळहातावर पेनने लिहायचा आणि आशीर्वाद झाल्यावर रजिस्टरात उतरवायचा.

रावेरच्या आमच्या छोट्या मंडळीचा मी बावीस वर्षं चिटणीस आहे. आठवडाभर शाळेत कारकून, तिथे हजेरीपट. रविवारी इथलं रजिस्टर. मंडळीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जे सांगायचंय त्यात जिवंत माणसं आहेत आणि त्यांना अजून एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं आहे. उपासनेला आलेल्या माणसाला दिसतं ते पुलपिट, त्यावरचा पांढरा कपडा, उघडं पवित्र शास्त्र आणि त्यामागे उभे पाळकसाहेब. त्या अर्ध्या तासाच्या संदेशामागे शनिवारच्या रात्री काय काय झालेलं असतं, ते चिटणिसाला ठाऊक असतं.

आधी माझ्या चुकीचं सांगतो. वर्षाअखेरी हजेरीची सरासरी बाहेरगावच्या कार्यालयाला कळवायची असते. तो आकडा नुसता आकडा नसतो. पाळकांचं मानधन पुढे चालू राहील की नाही, गळक्या पत्र्यांना पैसे मिळतील की नाही, हे बरंचसं त्याच्यावर ठरतं. म्हणजे त्या आकड्यात एका घराची भाकरी असते. मी सरासरी काढताना नाताळ धरायचो, कापणीचा सण धरायचो. नाताळला जेवण असतं, पाहुणे असतात, सुरत-पुण्याला कामाला गेलेली पोरं आलेली असतात. शब्बाथशाळेची लेकरं मी एकदा शाळेत मोजायचो आणि परत उपासनेत मोजायचो. रजिस्टरातली एकही ओळ खोटी नव्हती, पण सगळी मिळून जी बेरीज व्हायची ती खोटी होती. मला ते कळत होतं.

मग एक नवे पाळकसाहेब आले. तरुण, अंगाने बारीक, बोलायला हळू. शाळेतल्या कारकुनाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, तसं तेही मला म्हणू लागले. पहिल्याच महिन्यात त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि दोन दिवसांनी परत आणून दिलं. म्हणाले, “भाऊसाहेब, मागच्या नाताळला तुम्ही एकशेचाळीस लिहिलेत. त्यातल्या किती जणांची नावं सांगता येतील?” मी आठवून आठवून साठपर्यंत पोहोचलो. ते म्हणाले, “मग बाकीचे ऐंशी आपण नुसते मोजले. भेटलो कुणालाच नाही.” त्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रावेरात रविवारची हजेरी कशावर ठरते, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. ती ठरते केळीवर. केळीला घड्याळ नसतं. मृगबागेची लागवड वेगळी, कांदेबागेची वेगळी, आणि कापणी जवळजवळ बारमाही. रावेरचा भाव आणि बुऱ्हाणपूरचा भाव सकाळी फोनवर फिरला की टोळ्या बागांकडे निघतात. स्टेशनावर दिल्लीकडे जाणारा रेक भरायचा असला तर रविवार काय आणि सोमवार काय. घड झाडावरून उतरवून, डोक्यावर फडकं घेऊन, चिखलातून बांधापर्यंत आणायचा. तिथे गाडी उभी. आमच्या मंडळीतली सतरंजीवर बसणारी निम्मी माणसं ह्या कामातली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून, पाल गावाच्या बाजूने आलेली. रविवारी काम लागलं की मागची सतरंजी रिकामी.

आणि ती माणसं सतरंजीवरच का बसतात? पुढे खुर्च्या मोकळ्या असतात. मी कित्येकदा पुढे या म्हटलं आहे. एकाने एकदा शर्ट पुढे ओढून दाखवला. केळीचा चीक कपड्यावर पडला की आधी पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट तपकिरी होतो आणि मग काही केल्या निघत नाही. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून बघतात. त्याच्याकडे दोनच शर्ट होते आणि दोन्हींवर डाग. “इस्त्री केलेल्या माणसाशेजारी कसं बसू, भाऊसाहेब?” आमच्या गीतांमध्ये डाग धुऊन निघण्याचं किती वेळा येतं! त्या दिवसानंतर ती गीतं म्हणताना माझी नजर त्याच्या शर्टाकडे जाते.

पाळकसाहेबांची पहिली अडचण भाषेची होती. आम्ही ख्रिस्ती माणसं पुलपिटावर चढलो की एक निराळीच मराठी बोलायला लागतो. लांब वाक्यं, जोडशब्द, घरात कुणी बोलत नाही अशी क्रियापदं. पाळकसाहेबही तसंच शिकून आले होते. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. शंभर वर्षं झाली त्याला, आणि आम्ही अजून व्यासपीठावर उभं राहिलो की आवाज जड करतो.

एका रविवारी वीज गेली, माईक बंद पडला. पाळकसाहेब पुलपिट सोडून खाली आले, सतरंजीच्या कडेला उभे राहिले आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट नुसती सांगू लागले. मेंढराच्या जागी शेळी आली, रानाच्या जागी सातपुड्याचा नाला आला. उपासना सुटल्यावर एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली, “मले आज समजलं बा.” ती त्या हॉलमध्ये तीस वर्षं येत होती. माझ्या रजिस्टरात वर्षानुवर्षं तिची हजेरी लागलेली होती. पाळकसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, “हजर होती ती, गैरहजर आपण होतो.”

माणसं कमी का येतात आणि येतात ती कशासाठी येतात, ह्या दोन गोष्टी एकत्र बघितल्या नाहीत तर फार फसगत होते, हे मला दुसऱ्या एका प्रसंगाने शिकवलं. आमच्या भागात बाहेरून एक उपदेशक आले होते. मांडव घालून तीन रात्री संजीवन सभा. गर्दी अशी की आमच्या नाताळच्या चौपट. शेवटच्या रात्री त्यांनी आजाऱ्यांना हात वर करायला सांगितलं, प्रार्थना केली आणि बरे झालेत असं जाहीर केलं. हात वर केलेले मोजले गेले. तो आकडा कुठे कुठे छापून गेला असेल, देव जाणे.

आमच्या मंडळीतली एक मावशी त्या रात्री तिथे होती. तिला क्षयरोग होता. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स चालू होता, तिसरा महिना होता. तिसऱ्या महिन्यात खोकला कमी होतो, अंगात ताकद येते, भूक लागते. नेमका तिथेच माणूस फसतो. मावशीने गोळ्या बंद केल्या. बरी झालेय म्हटल्यावर गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तिला वाटलं. तिच्या मुलीने घाबरत घाबरत पाळकसाहेबांना सांगितलं.

त्या शनिवारी मी त्यांच्या घरी होतो. संदेश तयार होता, कागद टेबलावर होते. त्यांनी ते उचलून कपाटावर ठेवले आणि लूकच्या शुभवर्तमानातला दहा कुष्ठरोग्यांचा उतारा काढला. रविवारी ते जे बोलले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, पण इथे सार सांगतो. येशूने त्या दहा जणांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला पाठवलं. त्या काळी माणूस शुद्ध झाला की नाही हे ठरवणारा याजकच होता, म्हणजे तीच तेव्हाची तपासणी. ज्याने बरं केलं, त्यानेच तपासून घ्यायला पाठवलं. तेव्हा बरं वाटतंय म्हणून गोळी थांबवणं हा विश्वास नाही. मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की आजारी माणसासाठी मी रोज प्रार्थना करीन आणि गोळी घेतली का हेही रोज विचारीन.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पाळकसाहेबांनी त्याचं नावही काढलं नाही. आपल्या शास्त्रातूनच बोलले. तरीही पुढच्या महिन्यात तीन घरं यायची थांबली. “आपल्या पाळकांचा विश्वास कमी आहे,” असं एकाने मला बाजारात सांगितलं. मावशीचा कोर्स पूर्ण झाला. पाळकसाहेब संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून गोळी गिळेपर्यंत थांबायचे, हे फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या रजिस्टरात ह्यातलं काही लिहायला रकानाच नव्हता. तिथे फक्त तीन घरं कमी झालेली दिसत होती.

त्याच दिवसांत आम्ही दोघं एका आजाऱ्याला भेटायला जळगावला निघालो. भुसावळला गाडी बदलून पॅसेंजरने. मी खचलेलो होतो. मानधनाचा प्रश्न परत उभा राहणार हे मला दिसत होतं. भादलीला गाडी थांबली तेव्हा पाळकसाहेब खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “बालकवी इथे गेले, माहीत आहे ना?” मला माहीत होतं. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावला पहिलं कविसंमेलन भरलं, त्यात कर्नल कीर्तिकरांनी ह्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला बालकवी म्हटलं. ५ मे १९१८ ला ह्याच भादली स्टेशनावर ते गाडीखाली आले. पण ते अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले होते, हे त्या दिवशी पाळकसाहेबांनी मला ज्या अंगाने दाखवलं, तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

ते म्हणाले, नारायण वामन टिळक ख्रिस्ती कसे झाले बघा. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा माणूस भेटला, गप्पा झाल्या, त्याने हातात नवा करार दिला. त्या डब्यात ऐकणारा एकच होता. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, फार सोसलं, आणि स्वतः विचार करून, सोवळंओवळं स्वतःच्या मनातून काढून टाकून, १९०० साली ख्रिस्ती झाल्या. नवरा उपदेशक असूनही पाच वर्षं बायको हजेरीत नव्हती! त्यांनी ते खुल्या दिलाने ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं. आणि अशा घरात ठोमरे राहिले, जेवले, कविता लिहिल्या, हिंदू राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली, बाप्तिस्म्याचा हिशेब मांडला नाही.

गाडी सुटली तरी ते बोलत राहिले. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सुटला. साताऱ्याला त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताच्या मागे जाऊ पाहणारे सगळे एकत्र. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असं मानणारा माणूस तो. त्याला भिंतीच्या आतले आणि बाहेरचे असं मोजणं जमेना. पुढे जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ ला ते गेले, बालकवींच्या नंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी. “देवाच्या दरबाराची सरासरी किती होती, कुणी विचारतं का आज?” पाळकसाहेब म्हणाले. मला मात्र आमच्या निंबाखाली उभे राहणारे ते दोघं-तिघं आठवले. इतक्या वर्षांत मी त्यांची नावं विचारली नव्हती. पुढच्या रविवारी विचारली.

आता कापणीच्या सणाचं सांगतो. हे लिहावं की नाही ह्याचा मी खूप विचार केला आहे.

कापणीचा सण आमच्याकडे नाताळच्या खालोखाल. हॉल ज्वारीच्या कणसांनी, उसाने, केळीच्या खांबांनी सजतो. ज्याने त्याने आपल्या घरचं काही आणायचं: धान्य, भोपळा, अंडी, कोंबडी, लोणच्याची बरणी, केळीचा घड. उपासना झाली की त्याचा लिलाव. पाच रुपयांचा भोपळा पन्नासला जातो, हशा होतो, वर्षभराचा बराच खर्च त्यातून निघतो. पहिला घड दरवर्षी एकच माणूस घ्यायचा. आमच्या मंडळीतले एक भाऊ. कापणीच्या टोळ्या पुरवायचं आणि गाड्या भरून द्यायचं काम ते घेत. मनाने उदार. हॉलमधले पंखे त्यांचे, माईक त्यांचा, नाताळच्या जेवणाचा तांदूळ त्यांचा. त्यांच्या घरची आणि नात्यातली मिळून अठरा माणसं खुर्च्यांवर बसायची. अठरा हा आकडा मला पाठ होता.

त्या वर्षी सतरंजीवर बसणाऱ्या सात जणांची पावसाळ्यापासूनची मजुरी त्यांच्याकडे थकली होती. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. आणि पाळकसाहेबांनी सणासाठी उतारा निवडला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं जिथे सांगितलं आहे, तो.

शनिवारी रात्री मंडळीची कमिटी बसली. सगळे गप्प. शेवटी मीच म्हणालो, “साहेब, कापणीचे उतारे पुष्कळ आहेत. रूथ घ्या.”

ते म्हणाले, “रूथ घेतली तरी तिथे दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी परकी बाई आहेच, भाऊसाहेब. तिला कुठे लपवू?”

मी म्हणालो, “अठरा माणसं जातील.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “आणि सात जण गेले तर?” सतरंजीवरची सात माणसं जाऊ शकतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती कामाला जातात म्हणून कमी होतात, एवढंच मी धरून चाललो होतो.

रात्रीचे दहा वाजून गेले होते. ते म्हणाले, गाडी काढा. आम्ही भाऊंच्या घरी गेलो. उद्या पुलपिटावर जे बोलायचं ते आज त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वहिनींनी चहा केला. पाळकसाहेबांनी हात जोडून सगळं सांगितलं. उतारा कोणता, बोलणार काय, नाव घेणार नाही पण सगळ्यांना कळेल हेही. भाऊ रागावले नाहीत. बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “व्यापाऱ्याकडे माझेच अडकलेत. मी कुठून देऊ?” ते खरं होतं. केळीच्या धंद्यात वरून पैसा थांबला की तो खाली खाली साचत येतो आणि शेवटी ज्याच्या डोक्यावर घड असतो त्याच्यापाशी येऊन थांबतो. पाळकसाहेब म्हणाले, “मग हेच उद्या त्या सात जणांना सांगा. मी बाजूला उभा राहतो. कधी किती देणार ते बोला.” भाऊ म्हणाले, “सगळ्यांसमोर? नाही जमणार.” आम्ही उठलो.

रविवारी हॉल भरलेला होता. भाऊ आले होते, अठराच्या अठरा आले होते. पाळकसाहेबांनी उतारा वाचला आणि पहिल्यांदा स्वतःचं काढलं. माझं मानधन ज्या अर्पणातून निघतं त्यात ही अडलेली मजुरी मिसळलेली आहे, ती मी चार महिने खाल्ली, म्हणाले. मग कमिटीचं. पंख्याचा वारा आपण सगळ्यांनी घेतला आणि विचारलं नाही. कुणाचंही नाव त्यांनी घेतलं नाही, कुणाकडे बोट केलं नाही, आवाजही चढवला नाही. हॉलमध्ये पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी मागे सतरंजीच्या कडेला बसलो होतो. ती सात माणसं खाली बघत होती. जणू लाज त्यांनाच वाटत होती.

लिलाव सुरू झाला. पहिला घड वर धरला. दरवर्षी भाऊ बोली लावायचे आणि मग बाकीचे. त्यांच्याआधी कुणी बोलायची पद्धत नव्हती. भाऊ बोलले नाहीत. कुणीच बोललं नाही. लिलाव करणाऱ्या पोराने तीनदा विचारलं, मग घड परत खुंटीला अडकवला. त्या वर्षी फार थोडे पैसे जमले. घड आठवडाभर तिथेच पिकत राहिला. पुढच्या रविवारी दार उघडलं तेव्हा सगळ्या हॉलभर गोड वास होता, आणि शब्बाथशाळेच्या लेकरांनी तो खाऊन संपवला.

अठरा खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तळहातावर आकडा लिहिला, तेवीस.

त्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी योहानाचा सहावा अध्याय काढला. सुरुवातीला पाच हजार पुरुष जेवतात. मग प्रभू असं काही बोलतात की हे फार कठीण आहे म्हणत बरेच शिष्य पाठ फिरवतात, आणि ते बाराजणांना विचारतात, तुम्हीही जाणार का? एकाच अध्यायात हजारांवरून बारा. मला धीर द्यायला त्यांनी ते दाखवलं, हे मला समजलं. पण मी म्हटलं, साहेब, हा अध्याय वाईट उपदेशकालाही धीर देतो. आमच्याकडे पूर्वी एक होते. दर रविवारी कुणाला ना कुणाला झोडायचे, हॉल रिकामा केला, आणि खरं बोललो म्हणून माणसं गेली असं सांगत गेले. ते कुणाच्या घरी कधी गेले नाहीत. पाळकसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बोटाने अध्यायाची सुरुवात दाखवली. आधी जेवू घातलं आहे, कठीण बोलणं त्यानंतर आलं.

पुढे मी अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सविषयी वाचलं. नॉर्दम्प्टनच्या मंडळीत वीस वर्षांच्या वर उपदेश केलेला, मोठं नाव असलेला माणूस. प्रभुभोजन कुणाला द्यावं ह्यावर मंडळीशी बिनसलं आणि १७५० साली त्याच मंडळीने मत घालून त्याला काढून टाकलं. तो स्टॉकब्रिजला मूळच्या आदिवासी लोकांमध्ये काम करायला गेला. हे वाचून मला आमचे पाळकसाहेब आठवले. पण त्याच एडवर्ड्सच्या घरात विकत घेतलेली गुलाम माणसं होती. प्रभुभोजनासाठी पद गमावलं, तरी स्वतःच्या घरातली ही गोष्ट त्याला दिसली नाही. खरं बोलणाऱ्यालाही न दिसणारा एक कोपरा असतो, आणि तो बहुतेक त्याच्या घराच्या आत असतो. माझा कोपरा ती सतरंजी होती.

पाळकसाहेब भाऊंकडे जात राहिले. दर बुधवारी संध्याकाळी, मी कधी सोबत, कधी नाही. पैशांचं पुन्हा काढलं नाही. भाऊंच्या आईला दिसत नव्हतं, तिला शास्त्र वाचून दाखवायचे. भाऊ त्या वेळी बाहेर निघून जायचे. फेब्रुवारीत सातांपैकी पाच जणांना पैसे मिळाले, दोघांना अर्धे. भाऊ मंडळीत परत आले नाहीत. वहिनी अधूनमधून येतात, मागे बसतात. त्या वर्षीचा सरासरीचा आकडा मी खरा लिहून पाठवला. पत्रे गळतेच राहिले आणि दोन वर्षांनी पाळकसाहेबांची बदली झाली.

जाण्याआधी त्यांनी रजिस्टर मागितलं आणि पट्टी घेऊन उजव्या बाजूला एक रकाना आखून दिला. वर पेन्सिलने लिहिलं, ‘न आलेले’. तेव्हापासून दुसऱ्या गीताला मी डोकी मोजत नाही, कोण दिसत नाही ते बघतो. अमकी तापाने आहे. तमका रेक भरायला गेलाय. निंबाखालचा एक जण तीन रविवार आला नाही, चौकशी करायची. वेळ जास्त लागतो. कधी चौथं गीत येतं. संध्याकाळी तो कागद घेऊन निघायचं आणि जमतील तेवढी घरं करायची. कधी बागेतच गाठावं लागतं. मागच्या पावसाळ्यात एका टोळीपाशी बांधावर उभा राहून मी नावं लिहीत होतो, तेव्हा घडाचा चीक पानावर पडला. ते पान तसंच आहे.

भाऊंचं नाव त्या रकान्यात आज सहा वर्षं दर रविवारी लिहिलं जातंय. नवे पाळकसाहेब आले, त्यांनी रजिस्टर चाळलं आणि विचारलं, “हे गृहस्थ येतच नाहीत तर नाव काढायचं का?” मी नाही म्हटलं. कारण सांगायला बसलो असतो तर रात्र झाली असती. त्याऐवजी म्हटलं, साहेब, बुधवारी संध्याकाळी मोकळे आहात का?

गेल्या बुधवारी आम्ही गेलो. आई आता नाही. भाऊ अंगणात खाटेवर बसून मोबाइलवर कुणाशी तरी भावाचं बोलत होते. आम्हाला बघून त्यांनी फोन ठेवला, उठले नाहीत, पण खाटेवर सरकून जागा केली. आत वहिनींनी चहाला आधण ठेवलं होतं.